एकवीस व्हॉल्व, पाच रकाने

भिंगरी सोसायटीच्या सभेत आयुष्यात पहिल्यांदा बोलली आणि पुढचे नऊ दिवस अख्ख्या इमारतीच्या नाकी नऊ आले. हकिकत एवढीच. पण एवढ्यात ती सांगून झाली असती, तर सेक्रेटरीकाकांना डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत जिना चढावा लागला नसता. तेव्हा सावकाशच सांगायला हवी.

सभा नेहमीप्रमाणे खाली, गाड्या लावायच्या जागेत भरली होती. विषय पाण्याचा. अठ्ठावीस वर्षं इमारतीचे नळ सांभाळणारे प्लंबरकाका आता कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते, नऊ दिवसांनी, सोमवारी दुपारच्या गाडीने. त्यांच्या जागी एक कंपनी नेमली होती आणि कंपनीने कामावर यायच्या आधीच एक पत्र पाठवलं होतं. सेक्रेटरीकाकांनी ते घसा साफ करून वाचलं.

"मूळ तक्त्यात नसलेली आणि लेखी नोंद नसलेली प्रत्येक जोडणी कापून बंद करण्यात येईल."

सगळ्यांच्या माना डोक्यावरच्या पाइपांकडे वळल्या. कारण मूळ तक्ता म्हणजे बिल्डरने दिलेलं एक पिवळं पडलेलं पान. त्यात गच्चीवरच्या टाकीतून निघणारे एकवीस पाइप आणि त्यांचे एकवीस व्हॉल्व, एक ते एकवीस असे आकडे टाकून दाखवले होते. बास. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत बारा घरांनी मिळून त्या पाइपांना किती फाटे फोडले, ते फक्त प्लंबरकाकांच्या डोक्यात होतं. कपड्याच्या मशीनला एक, बाल्कनीतल्या कुंड्यांना एक, एकाने तर माशांच्या टाकीला एक.

"म्हणजे माझा खालचा नळही कापणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांचे गुडघे पाच वर्षांपूर्वी संपावर गेले, तेव्हा प्लंबरकाकांनी त्यांच्या न्हाणीघरात स्टुलावर बसून हाताला येईल इतका खाली एक नळ बसवून दिला होता. त्या नळाच्या जोरावर बाई एकट्या राहत, स्वतःची अंघोळ स्वतः करत आणि मदतीला बाई ठेवा म्हणणाऱ्या भाच्याला फोनवर झाडत.

"नियम आहे," सेक्रेटरीकाका म्हणाले. आवाज मात्र चोराचा होता.

इथे भिंगरी उभी राहिली. नववीतली मुलगी सभेत उभी राहिली यात नवल नाही, पण ही पोरगी सहा महिन्यांपूर्वीपर्यंत इतकं हळू बोलायची की दुकानदार तिला काय हवंय ते ओठांवरून ओळखायचा. याच बाईंनी तिला रोज संध्याकाळी समोर उभं करून, "मला नको, त्या समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याला ऐकू गेलं पाहिजे," असं म्हणत म्हणत वक्तृत्व स्पर्धेला तयार केलं. स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून कावळ्याने ती गच्ची सोडली.

"मी सगळं लिहून काढते!" भिंगरी म्हणाली. "प्रत्येक जोडणीचं एक पान. सगळी पानं एकसारखी. सोमवारच्या आत!"

बाबांनी मान खाली घातली. आईने बाबांकडे पाहिलं. बाईंनी टाळी वाजवली आणि ठराव पास झाला.

भिंगरीने त्याच दुपारी नमुना तयार केला. पाच रकाने: जोडणी काय, मूळ कोणत्या व्हॉल्ववर, कुठे फुटते, बंद कशी करायची, कधी केली. इतका देखणा नमुना की तिने स्वतःच तो भिंतीला लावून तीनदा लांबून पाहिला. पहिलं पान बाईंच्या नळाचं. प्लंबरकाका गच्चीवरून ओरडले, "पंधरा!" आणि तिने दुसऱ्या रकान्यात लिहिलं, पंधरा. मग आपल्या घराचंही पान भरून टाकलं. त्यांच्या बाल्कनीत जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एक बिनकामाचा नळ होता, एकोणीस नंबरवरचा. स्वतःच्या घराचं काय विचारायचं कुणाला! तिने लिहिलं: "उपयोग: पायाला लागतो. काढला तरी चालेल."

बाकीची पानं तिने घरोघरी वाटली, आणि इथून गंमत सुरू झाली.

पहिल्यांदा कळलं की एकाच वस्तूला या इमारतीत कोणी व्हॉल्व म्हणतं, कोणी कॉक, कोणी चावी, आणि तळमजल्यावरचे डॉक्टर "ते गोल फिरतं ते" म्हणतात. जोडणी कधी केली, या रकान्यात एका घराने तारीख लिहिली, दुसऱ्याने "थोरलीच्या लग्नाआधी", तिसऱ्याने "गेल्यावेळी गळलं होतं त्याच्या नंतर". माशांच्या टाकीवाल्यांनी माशाचं चित्र काढलं. चित्र चांगलं होतं, त्यात वाद नाही.

ते एक वेळ चाललं असतं. पण लोकांना नमुना आवडला, आणि एकदा वस्तू आवडली की माणूस तिला हात लावल्याशिवाय राहत नाही.

"यात ठराव क्रमांकाचा रकाना नाही," सेक्रेटरीकाका म्हणाले आणि त्यांनी सहावा रकाना आखला.

"यात कारण नाही. कारणाशिवाय कार्य कसं?" असं म्हणून बाईंनी आपला सहावा रकाना आखला.

बाबा एका कचेरीत आवक-जावक विभागात होते. त्यांनी कोणालाही न विचारता सगळ्या पानांना जावक क्रमांक दिले आणि आलेल्या पानांना आवक क्रमांक. त्यामुळे एकाच पानावर दोन क्रमांक आले आणि दोन्ही बाबा सोडून कोणाला कळत नव्हते.

बुधवारपर्यंत इमारतीत नमुन्याच्या चार जाती झाल्या. भिंगरी कपाळाला हात लावून बसली.

"आता नमुन्यात कोणी काय वाढवलं, त्याचा एक वेगळा नमुना करावा लागेल," ती म्हणाली.

"त्याला जावक क्रमांक मी देतो," बाबा उत्साहाने म्हणाले.

"तुम्ही चहा प्या," आई म्हणाली.

अशा वेळी माणसाने थोडं गप्प बसावं. पण भिंगरीला बोलता येऊ लागून सहाच महिने झाले होते, गप्प बसायची सवय मोडली होती आणि थांबायची अजून लागली नव्हती. गुरुवारी ती गच्चीवर गेली आणि तिला सगळ्या गोंधळाचं मूळ सापडलं. म्हणजे तिला तसं वाटलं. एकवीस व्हॉल्व ओळीने होते, पण आकडे जिन्याकडून टाकीकडे वाढत जात होते. पाणी येतं टाकीकडून आणि आकडे सुरू होतात जिन्याकडून! हे काय शास्त्र झालं? शिवाय आकडे पुसट, कोणाचा पाय गेलेला, कोणाचं डोकं. तिने आईच्या नखांचा रंग काढायच्या बाटलीने ते सगळे जुने आकडे घासून काढले आणि टाकीकडून सुरुवात करून एक ते एकवीस अशा नव्या, छापील, प्लास्टिकमध्ये घातलेल्या चकत्या व्हॉल्वना तारेने बांधल्या.

प्लंबरकाका कोपऱ्यात डबा खात बसले होते. त्यांनी पाहिलं. घास थांबला.

"छान दिसतंय, भिंगरे," ते म्हणाले. काहीतरी आणखी म्हणणार होते, पण भिंगरी तोवर जिना उतरून गेली होती.

आता कुणाच्याही लक्षात येईल की गुरुवारच्या आधी भरलेली पानं जुन्या आकड्यांची होती आणि नंतर भरलेली नव्या. भिंगरीच्या मात्र लक्षात आलं नाही. तिची फाइल झाली, चौतीस जोडण्या, चौतीस पानं. तिने चारही जातींचे नमुने पुन्हा आपल्या पाच रकान्यांत उतरवून काढले, फाइलीला पुठ्ठा घातला आणि शनिवारी सकाळी जाहीर केलं, "रंगीत तालीम!"

तालमीसाठी जोडणी निवडली बाईंच्या खालच्या नळाची. तसाही त्याचा आतला वॉशर झिजला होता आणि जाण्याआधी काका तो बदलणारच होते. बाई स्टुलावर ऐटीत बसल्या. बाबा दाराशी उभे. काकांनी पाना हातात घेतला आणि सवयीने जिन्याकडे वळले.

"काका, थांबा!" भिंगरी म्हणाली. "तुम्ही गच्चीवर जायचं नाही. सोमवारनंतर तुम्ही असणार आहात का? कागदावर पंधरा लिहिलंय, मी पंधरा बंद करून येते. आज कागदावर चालायचं."

"बरं," काका म्हणाले. "कागदावर तर कागदावर."

भिंगरीने गच्चीवर जाऊन पंधरा नंबरचा व्हॉल्व घट्ट फिरवला आणि वरूनच कावळ्याला पळवणाऱ्या आवाजात हाक दिली, "बंद केला!"

काकांनी पान्याने नळ खोलला.

पाण्याचा फवारा आधी काकांच्या छातीवर बसला, तिथून छतावर गेला आणि छतावरून बाईंवर आला. "अरे, छत्री!" बाई ओरडल्या. बाबांनी धावत जाऊन छत्री आणली, उघडली आणि बाईंच्या डोक्यावर धरली. स्वतः मात्र उन्हात उभं राहिल्यासारखे शांतपणे भिजत राहिले. त्याच क्षणी जिन्यातून पावलं वाजली. पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरीकाका, कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा डोंगर, एक डोळा मिटलेला.

"माझं पाणी कोणी बंद केलं?"

"इथे या, इथे भरपूर आहे," छत्रीखालून बाई म्हणाल्या.

भिंगरी धापा टाकत खाली आली आणि दारातच थिजली. काका तिच्या शेजारून गच्चीकडे धावले. ती मागे. गच्चीवर काकांनी तिच्या सुंदर चकत्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी भराभर तीन-चार व्हॉल्वच्या चाकांखाली नुसता अंगठा फिरवला, एक पकडला, फिरवला आणि खालून बाबांचा आवाज आला, "थांबलं!"

त्या चाकावर भिंगरीची चकती होती: सात. जुना पंधरा. तिच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला, आणि तो फार वाईट प्रकाश होता. कोणती पानं जुनी, कोणती नवी, काहीच कळायला मार्ग नव्हता. तारखेचा रकाना जोडणीचा होता, पान कधी भरलं त्याचा नव्हता. जुने आकडे तिने स्वतःच्या हाताने, तेही आईची बाटली संपवून, पुसले होते. आणि सोमवारी कंपनीचा माणूस येणार होता.

ती पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली. तिचा आवाज सहा महिन्यांपूर्वीइतका झाला. "काका, बाईंचा नळ आता माझ्यामुळे कापणार."

काकांनी ओल्या शर्टाची बाही पिळली. "हात दे."

त्यांनी तिचा अंगठा धरला आणि व्हॉल्वच्या चाकाखाली नेला. तिथे खाचा होत्या. बारीक, सारख्या अंतरावर, कानशीने घासून केलेल्या.

"आडव्या खाचा मजल्याच्या. तीन म्हणजे तिसरा मजला. मग थोडी जागा. मग उभ्या खाचा, मागून किती फाटे जोडले त्याच्या. इथे किती?"

"एक," भिंगरी पुटपुटली.

"बाईंचा नळ. पुढचा बघ."

तिने बघितला. त्याच्या पुढचा. एकवीसच्या एकवीस व्हॉल्वना खाचा होत्या, तळमजल्याच्यांना नुसत्या उभ्या, आणि अठ्ठावीस वर्षांत एकही खाच तिरकी, आखूड किंवा वेगळ्या पद्धतीची नव्हती. जोडणी झाली की खाच. कोणी मासे पाळले, खाच.

"काका, तुम्ही हे कधी लिहून का ठेवलं नाहीत?"

"लिहिलंय की. कानशीनं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही," काका म्हणाले. मग जरा ओशाळून, "गुरुवारी सांगणार होतो. पण तू इतकी मन लावून तारा पिळत होतीस. माझं काम इतक्या प्रेमानं कुणी पाहिलं नव्हतं गं. म्हटलं, करू दे."

यावर भिंगरी रडली. थोडीच, पण रडली.

रविवारी सकाळी तिने सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं: "चूक माझी आहे. मदत हवी आहे." लिहिताना तिचे कान तापले होते. ती खाली उभी राहून वाट पाहू लागली की आता कोण कोण काय काय ऐकवणार.

सगळ्यात आधी आले सेक्रेटरीकाका, डोकं स्वच्छ. "मी आकडे रंगवतो," ते म्हणाले. "शाळेत माझं अक्षर छान होतं. तेव्हापासून कुणी लिहायला सांगितलंच नाही." डॉक्टरांनी एकेका नळाखाली बादली धरली. माशांच्या टाकीवाल्यांनी गच्ची ते तळमजला ओरडून निरोप पोचवायचं काम घेतलं. आईने नखांच्या रंगाची बाटली भिंगरीच्या हातात परत दिली, या वेळी लाल रंगाची. "पुसायची नव्हे, लिहायची," एवढंच म्हणाली. बाई तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून प्रत्येक पान तपासायला बसल्या आणि बाबांनी, अहो आश्चर्य, आपले दोन्ही क्रमांक स्वतःहून खोडले.

प्लंबरकाका प्रत्येक चाकाखाली अंगठा फिरवत, भिंगरी त्यांच्या मागून अंगठा फिरवत, मग हाक, मग खाली नळ उघडून खात्री, मग पान. जुने आकडे जसे होते तसेच जिन्याकडून परत आले. "मूळ तक्त्याला हात लावायचा नाही," भिंगरीने नियम केला आणि लाल रंगात फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिला. वाढीव जोडणीने मूळ आकडा घ्यायचा आणि पुढे अक्षर लावायचं. बाईंचा नळ झाला पंधरा-अ. ज्या वस्तूला तक्त्यात व्हॉल्व म्हटलंय तिला सगळ्यांनी व्हॉल्वच म्हणायचं, "ते गोल फिरतं ते" चालणार नाही. आणि ज्याला जास्तीचा रकाना हवा असेल त्याने तो मागे पुरवणीत, स्वतःच्या नावाने जोडायचा, समोरच्या पाचांत घुसवायचा नाही.

"म्हणजे ठराव क्रमांक चालेल?" सेक्रेटरीकाकांनी रंगाची काडी थांबवून विचारलं.

"पुरवणीत चालेल, काका."

ते इतके खूश झाले की सतरा दोनदा रंगवला.

संध्याकाळी चारला काम संपलं. आपल्याला एक शब्दही कोणी ऐकवला नाही, हे भिंगरीच्या तेव्हा लक्षात आलं. सगळ्यांनी चहाचे कप हातात घेऊन एकमेकांचे ओले पाय पाहिले आणि काही कारण नसताना हसले.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्री, कडक चेहरा. त्याने फाइल उघडली, पानं उलटली, मधूनच एकावर बोट ठेवलं. "पंधरा-अ. बंद करून दाखवा."

बाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली. भिंगरी वर गेली, पंधरा शोधला, तरी चाकाखालून अंगठा फिरवून घेतलाच, आणि फिरवला. खाली नळातून दोन थेंब पडले आणि थांबले. माणसाने पहिल्या मजल्यावर फोन लावला. "पाणी आहे का?"

"भरपूर!" सेक्रेटरीकाकांचा आवाज फोनशिवायही ऐकू आला.

माणसाने चौतीस पानं पाहिली. "एकही जोडणी कापायची गरज नाही," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "फक्त ही एकोणीस-अ. तुम्हीच लिहिलंय, काढला तरी चालेल. शनिवारी माणूस पाठवतो." जाताना त्याने नमुन्याची एक कोरी प्रत मागून घेतली. बाबांनी ती देताना खिशातलं पेन दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा आत ठेवलं.

दुपारी सगळी इमारत काकांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. बाईंना येता आलं नाही. त्यांनी खिडकीतून हात केला. काकांनी जाताना भिंगरीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. लाकडी मुठीची, मध्यभागी झिजलेली कानस.

शुक्रवारी काकांचा फोन आला.

"भिंगरे, लेकीच्या इमारतीत तर मूळ तक्ताही नाही गं. सगळे माझ्या मागे लागलेत. ते पाच रकाने पाठव."

"आजच पाठवते!"

"आणि एक सहावा रकाना घालू का?"

"पुरवणीत, काका!" ती ओरडली. "कसला रकाना?"

"कोणासाठी."

"म्हणजे?"

"जोडणी कोणासाठी केली ते. मला प्रत्येकीचं ते आठवतं. पंधरा-अ बाईंसाठी. आणि तुमची ती एकोणीस-अ..."

"ती काढतायत उद्या. कुणासाठीच नाहीये ती. पायाला लागते."

"तू तीन वर्षांची होतीस," काका म्हणाले. "बोलायची नाहीस. तहान लागली तरी मागायची नाहीस, हात धुवायचे असले तरी नळाखाली नुसती उभी राहायचीस, कुणाचं लक्ष जाईपर्यंत. तुझ्या बाबांनी बोलावलं मला. म्हणाले, हिला मागावं न लागता पाणी मिळेल असं काहीतरी करा. तिथे मला पहिल्यांदा सुचलं, नळ खाली आणायचा. बाईंचा तर पुढे त्यावरूनच केला."

भिंगरी फोन ठेवून बाल्कनीत आली. बाबा कपडे वाळत घालत होते.

"बाबा, हा नळ तुम्ही माझ्यासाठी बसवून घेतला होतात?"

"हो," बाबा म्हणाले. "तू पान भरताना विचारलं नाहीस. म्हटलं, आता मोठी झालीस, नको असेल तुला."

भिंगरीने कंपनीला फोन लावला आणि समोरच्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की उद्या माणूस पाठवू नका, एकोणीस-अ राहणार आहे. मग तिने फाइल काढली, मागच्या पुरवणीत एक रकाना आखला, वर लिहिलं "कोणासाठी" आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: "माझ्यासाठी."

मग ती त्या गुडघाभर उंचीच्या नळासमोर उकिडवी बसली, नळ सोडला आणि हात धुतले. मळले नव्हते, तरी धुतले.

"क्रमांक देऊ का या ओळीला?" मागून बाबांनी विचारलं.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "दोन्ही द्या."